गैरहजर माणसाचं काय? मुक्त स्रोताचं काम आणि कार्यगटाच्या बैठका

 

या विषयासाठी आयोजकांनी आम्हाला का बोलावलं, हा प्रश्न तुमच्याइतकाच आम्हालाही पडला होता. आमचं आयुष्य तत्त्वज्ञान शिकवण्यात गेलं. संगणकावर आम्ही पत्रं लिहितो, वर्तमानपत्र वाचतो आणि काही अडलं की नातवाला हाक मारतो. (हशा) पण विषय नीट पाहिल्यावर लक्षात आलं की त्यातला निम्मा भाग आम्हाला चांगला ठाऊक आहे. विषय असा: ओपन सोर्सचं काम करणाऱ्या प्रोग्रामर मंडळींना वर्किंग ग्रुपच्या, म्हणजे कार्यगटाच्या बैठकांचा काही उपयोग होतो का? यातलं ओपन सोर्स आम्ही उशिरा शिकलो. बैठका मात्र जन्मभर केल्या. अभ्यासमंडळाच्या केल्या, परीक्षा समितीच्या केल्या आणि निवृत्तीनंतर वाशीत राहायला आल्यापासून सोसायटीच्या करतो आहोत. तिथे गणपूर्ती नाही म्हणून सभा अर्धा तास तहकूब होते आणि अर्ध्या तासाने त्याच सात माणसांत कायदेशीर होते, हे तुम्हाला आम्ही सांगायला नको.

आमचं उत्तर सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना सव्वासातची पनवेल गाडी पकडायची आहे त्यांची पंचाईत नको. बैठकांचा उपयोग होतो. पण तो बैठकीत बसलेल्यांच्या समाधानावरून मोजायचा नाही. जो माणूस बैठकीला येऊ शकला नाही, त्याच्या हाती दुसऱ्या दिवशी काय लागलं, यावरून मोजायचा. या मापाने पाहिलं तर पुष्कळ बैठका नापास होतात. आम्ही स्वतः अशा एका नापास बैठकीत बसलो होतो. तीही गोष्ट आज सांगणार आहोत.

आधी मुक्त स्रोत म्हणजे काय ते दोन वाक्यांत. ज्या प्रोग्रामचा मूळ मजकूर कुणालाही वाचता येतो, बदलता येतो आणि बदललेला पुढे देता येतो, तो मुक्त स्रोत. 'ओपन सोर्स' हे नाव १९९८ सालचं आहे. पण रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू प्रकल्प १९८३ साली जाहीर केला आणि जी.पी.एल. या परवान्याची पहिली आवृत्ती १९८९ साली आली. हे परवाने आम्ही सवयीप्रमाणे तत्त्वज्ञानाचा मजकूर वाचावा तसे वाचले. त्यात एक गोष्ट फार वेगळी आहे. आपण रोज जे करार करतो ते ओळखीच्या दोन पक्षांत होतात: घरमालक आणि भाडेकरू, बिल्डर आणि गिऱ्हाईक. हा परवाना मात्र अनोळखी माणसाला दिलेला आहे. लिहिणाऱ्याला माहीत नसतं की आपला कोड उद्या कोण उघडणार. अमरावतीची एखादी मुलगी दहा वर्षांनी तो उघडेल, आणि ज्याने तो लिहिला त्याच्याइतकाच तिचाही वाचण्याचा, बदलण्याचा हक्क असेल. म्हणजे या कामाच्या पायातच एक गैरहजर माणूस बसवलेला आहे. हे लक्षात ठेवा. पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

आता बैठकांविरुद्धची तक्रार ऐकू. ती ऐकण्यासारखी आहे.

आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एक तरुण राहतो. महाप्याला नोकरी करतो आणि रात्री घरी येऊन एका मुक्त स्रोत प्रकल्पात काम करतो, पैसे न घेता. त्या प्रकल्पाच्या कार्यगटाची बैठक कॅलिफोर्नियाच्या सकाळी दहा वाजता होते. म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात रात्रीचे साडेदहा. त्यांचं घड्याळ हिवाळ्यात मागे सरकलं की साडेअकरा. तो परवा जिन्यात भेटला तेव्हा म्हणाला, "काका, तासभर बसलो. माझ्या कामाबद्दल पाच मिनिटं बोलणं झालं. तेवढ्या तासात मी तो पॅच लिहून दिला असता." पॅच म्हणजे ठिगळ, कोडमध्ये सुचवलेली दुरुस्ती. आम्ही विचारलं, "मग जातोस कशाला?" तर म्हणाला, "नाही गेलो तर मी नसताना ठरवतात."

या दोन वाक्यांत सगळा वाद आला. पहिलं वाक्य सांगतं की बैठक निरुपयोगी आहे. दुसरं सांगतं की ती टाळणं धोक्याचं आहे. निरुपयोगी गोष्ट धोक्याची कशी होते, हा खरा प्रश्न.

पहिल्या वाक्यात तो बरोबर आहे. प्रोग्राम चालतो की नाही, हे मत विचारून ठरत नाही. दोन रीतींपैकी जलद कोणती, हे मोजून कळतं. आमच्या नैयायिकांचा एक जुना दृष्टान्त आहे: हत्ती समोर उभा दिसत असताना त्याच्या ओरडण्यावरून हत्ती असल्याचं अनुमान कुणी करत बसत नाही. प्रत्यक्ष प्रमाण हाताशी असताना इतर प्रमाणांकडे धावायचं कारण नाही. पॅच लिहिला, चालवून पाहिला, चाचण्या पास झाल्या, की त्यावर बैठक भरवणं म्हणजे दिसलेल्या हत्तीवर समिती नेमणं. (हशा) अशा बैठका बंद कराव्यात. त्यात कुणाचं नुकसान नाही.

दुसऱ्या वाक्याकडे वळू. तो नसताना कोण ठरवतं? बैठकीला नियमाने कोण येतं ते पाहा. ज्याला त्या तासाचा पगार मिळतो तो येतो. मोठ्या कंपन्या आपली माणसं या कामावर नेमतात. त्यात गैर काही नाही, त्यांच्या जोरावर पुष्कळ मुक्त स्रोत उभा आहे. पण त्यांच्यासाठी बैठक हा कामाचा तास असतो, आणि आमच्या शेजाऱ्यासाठी तो झोपेचा तास. दोघांनाही दार सारखंच उघडं आहे असं आपण म्हणतो. दार उघडं असतं हो, पण एकाला गाडीने आणून सोडतात आणि दुसरा चालत येतो. कोडवर काम करताना हा फरक कमी जाणवतो, कारण कोड रविवारी दुपारी लिहिला तरी चालतो. बैठकीला ठरलेली वेळ असते, आणि वेळ ज्याच्या मालकीची त्याचं पारडं जड होतं.

मग बैठका हव्यातच कशाला? इथे आपल्या मराठीतलंच उदाहरण घेऊ.

'दऱ्या' हा शब्द घ्या, डोंगरदऱ्यांमधला. आणि 'दर्या' घ्या, समुद्र. किंवा 'आचाऱ्याला' आणि 'आचार्याला' घ्या. एकाने जेवण करायचं, दुसऱ्याने प्रवचन. लग्नघरी या दोघांत गोंधळ झाला तर काय होईल ते सांगायला नको. हा फरक मराठीत जिवंत आहे. हिंदीला त्याची गरज पडत नाही. आता हा अर्धा र संगणकाला कसा कळवायचा? जगातल्या लिप्यांना क्रमांक देणारं जे मानक आहे, युनिकोड, त्यात देवनागरीची मांडणी आपल्याच इस्की या भारतीय मानकाच्या आधाराने झाली. त्यात 'ऱ' हे अक्षर आहे, पण त्यापुढची टीप सांगते की ते द्राविडी भाषांतला एक वेगळा र दाखवण्यासाठी आहे. मराठीचा अर्धा र या पाहुण्या अक्षराच्या अर्ध्या रूपाने लिहायचा, असं ठरलं. शिवाय युनिकोडच्या दुसऱ्या आवृत्तीशी मेळ राहावा म्हणून आणखी एक मार्गही मान्य राहिला: साधा र, हलन्ताची खूण, आणि पुढे डोळ्यांना न दिसणारा एक जोडक.

आता गंमत बघा. दोन्ही मार्गांनी लिहिलेलं 'दऱ्या' पडद्यावर सारखंच दिसतं. यंत्राच्या लेखी मात्र ते दोन वेगळे शब्द आहेत. एका रीतीने लिहिलेला शब्द दुसऱ्या रीतीने शोधायला गेलात, आणि शोधयंत्र लिहिणाऱ्याने मुद्दाम सोय केलेली नसली, तर तो सापडत नाही. 'ॲ' या अक्षराचीही तीच कथा. 'ॲप'मधला ॲ युनिकोडमध्ये स्वतंत्र अक्षर म्हणून आला तो २००८ साली, ५.१ या आवृत्तीत. त्याआधी लोक 'अ'वर चंद्र ठेवून काम भागवत होते. ते जुने मजकूर आजही तसेच पडून आहेत.

यात चूक कुणाची? फॉन्ट करणाऱ्याची नाही. त्याने दोन्ही रीती नीट दाखवल्या. कळफलक करणाऱ्याची नाही. त्याने मान्य मार्गांपैकी एक निवडला. शोधयंत्र लिहिणाऱ्याचीही नाही. त्याला मिळाले ते क्रमांक त्याने जुळवून पाहिले. प्रत्येकाचा कोड बरोबर आहे, प्रत्येकाच्या चाचण्या पास आहेत, आणि तरी आमच्यासारख्या म्हाताऱ्याला स्वतःच लिहिलेला लेख सापडत नाही. असा दोष कुणा एकाच्या कोडमध्ये नसतो. तो दोन कोडांच्या मधल्या बांधावर असतो. आणि बांधाचा प्रश्न सोडवायला दोन्ही शेतकऱ्यांना बांधावर यावंच लागतं.

इथून हार्बर गाडीने थोड्याच अंतरावर, खारघर स्थानकासमोर, सी-डॅकचं केंद्र आहे. या केंद्राचं मूळ एन.सी.एस.टी. या संस्थेत, ती पुढे सी-डॅकमध्ये विलीन झाली. या शतकाच्या सुरुवातीच्या वर्षांत तिथे 'इंडिक्स' नावाचा प्रकल्प झाला: लिनक्सच्या पडद्यावर भारतीय लिप्या नीट उमटाव्यात म्हणून. तेव्हा अडचण एका ठिकाणी नव्हती. अक्षरांचे क्रमांक एकीकडे, फॉन्ट दुसरीकडे, पडद्यावर चित्र काढणारी व्यवस्था तिसरीकडे. जोडाक्षर ही गोष्टच अशी आहे की या तिघांचं जमल्याशिवाय ती उमटत नाही. अशा कामात माणसं एकमेकांशी बोलली नाहीत तर कितीही हुशार कोड असो, वेलांटी भलत्याच अक्षराला जाऊन बसते.

म्हणजे बैठकीची पहिली खरी जागा सापडली: बांधावर. दुसरी जागा शब्दांची.

मुक्त स्रोताच्या प्रोग्रामांचं मराठीकरण करणाऱ्यांना हे चांगलं माहीत आहे. 'फाइल'ला एक जण फाइलच म्हणतो, दुसरा संचिका, तिसरा धारिका. तिघेही वेगवेगळ्या प्रोग्रामांवर काम करतात, आणि मग वापरणाऱ्याला एकाच संगणकात तीन मराठी भाषा शिकाव्या लागतात. यावर उपाय म्हणून २००८ साली रेड हॅट कंपनीच्या आधाराने 'फ्युएल' हा उपक्रम सुरू झाला. सुरुवात हिंदीपासून झाली, पुढे मराठीचीही यादी झाली. रीत साधी: पडद्यावर सारखे येणारे शब्द निवडायचे, भाषेची माणसं एकत्र बसवायची आणि एकेक शब्द वाचत यादी पक्की करायची. ती यादी मग कुणीही वापरावी. शब्द मोठ्याने उच्चारल्याशिवाय त्याचा खडबडीतपणा कळत नाही. कागदावर 'संगणकीय अभिलेख' भारदस्त दिसतो. चारचौघांत म्हणून पाहा, म्हणजे समोरचा का हसतो ते कळेल.

ही कल्पना नवी नाही. चरकसंहितेच्या विमानस्थानात वैद्यांनी वैद्यांशी चर्चा करावी असं सांगितलं आहे. तिचे दोन प्रकार केले आहेत: एक संधाय संभाषा, म्हणजे सलोख्याने केलेली, दुसरी विगृह्य संभाषा, म्हणजे भांडून केलेली. फायदे सांगताना चरक म्हणतो की ऐकलेल्या गोष्टीतला संशय फिटतो आणि न ऐकलेल्या गोष्टी कानावर पडतात. आणि पुढे एक मार्मिक निरीक्षण आहे: गुरूने मर्जीतल्या शिष्याला खासगीत सांगितलेलं गूढ, तो शिष्य चर्चेच्या भरात जिंकण्याच्या ईर्ष्येने बोलून टाकतो. (हशा) तुम्ही हसता आहात, कारण तुमच्याही ऑफिसात हे घडतं. हा भाग असा विचित्र का लिहिला, हे कोडमध्ये नोंदवलेलं नसतं. चहाच्या वेळी कुणी तरी बोलून जातो, "अहो, त्या वेळी जुनं मशीन होतं म्हणून." अशी न लिहिलेली माहिती बाहेर काढणं, हा बैठकीचा मोठा उपयोग. चरकाचे वैद्य हाताने काम करणारे होते. म्हणून त्याचं म्हणणं तुमच्या धंद्याला लागू पडतं, असं आम्हाला वाटतं.

आता ती गोष्ट सांगतो. काही वर्षांपूर्वी एका प्रोग्रामच्या मराठीकरणासाठी नेमलेल्या गटाने आम्हाला भाषेचा जाणकार म्हणून बोलावलं. आत्ता ज्यांची नावं घेतली त्यांच्यापैकी हा गट नव्हे, आणि त्याचं नाव आम्ही घेणार नाही. एका प्रशस्त खोलीत आम्ही नऊ जण होतो, जेवणाची सोय उत्तम होती. समोर एक यादी होती. त्यातल्या बऱ्याचशा शब्दांचं भाषांतर आधीच झालेलं होतं. ते आमच्याच एका जुन्या विद्यार्थ्याने केलं होतं. तो कोकणात गावी राहून शिकवण्या घेतो आणि उरलेल्या वेळात हे करतो. त्यालाही निमंत्रण होतं. पण मुंबईला येण्याजाण्याचं भाडं आणि दोन दिवसांच्या बुडालेल्या शिकवण्या त्याला परवडण्यासारख्या नव्हत्या, म्हणून तो आला नाही.

त्याने 'सेव्ह'साठी 'साठवा' लिहिलं होतं. खोलीत कुणी तरी म्हणालं, 'जतन करा' जास्त प्रतिष्ठित वाटतं. दोघांनी दुजोरा दिला. अध्यक्षांनी आमच्याकडे पाहिलं. जेवणाची वेळ झाली होती. आम्ही मान डोलावली. 'साठवा' गेलं, आणि त्याच्यासोबत त्याच धर्तीचे त्याचे आणखी बरेच शब्द गेले. यादीत नवे शब्द आले. का आले, ते कुठेही लिहिलं गेलं नाही.

पंधरा दिवसांनी त्याने गटाला विचारलं, हे का बदललं? उत्तर आलं: बैठकीत ठरलं. त्याने पुन्हा विचारलं नाही. त्यानंतर त्याने त्या प्रोग्रामसाठी एकही शब्द भाषांतरित केला नाही.

पुढे कधी तरी तो आमच्या घरी आला, तेव्हा आम्ही विषय काढला. तो म्हणाला, "सर, आई तांदूळ साठवते, पावसाळ्याआधी लाकडं साठवते, पाणी साठवते. साठवतात ते पुन्हा वापरायला. जतन करतात ती आजीची नथ. 'सेव्ह' हे दर पाच मिनिटांनी दाबायचं बटण आहे. त्याला नथीचा शब्द कशाला?"

मित्रहो, पन्नास वर्षं शब्दांचे अर्थ लावण्यात घालवलेल्या आम्हाला हे सुचलं नव्हतं. त्याचा युक्तिवाद बरोबरच आहे असं नाही. 'जतन'च्या बाजूनेही बोलता येईल, आणि आता तो शब्द रुळलाही आहे. पण हा युक्तिवाद त्या खोलीत असता, तर आमची मान डोलली नसती एवढं नक्की. तो खोलीत नव्हता, कारण तो ज्याच्याकडे होता त्याच्याकडे भाड्याचे पैसे नव्हते. आणि आमचा अपराध एवढाच नाही की आम्ही त्याचं म्हणणं ऐकलं नाही. आमचं म्हणणंही आम्ही त्याला दिलं नाही. "बैठकीत ठरलं" हे कारण नव्हे. ते कारण नसल्याची पावती आहे.

गौतमाच्या न्यायसूत्रांत 'निर्णय' या शब्दाची व्याख्या आहे. मतितार्थ असा की पक्ष आणि प्रतिपक्ष दोन्ही तपासून जे निश्चित होतं तो निर्णय. ही कसोटी लावली तर आमच्या त्या बैठकीत निर्णय झालाच नाही. ठराव झाला. ठरावाला हात लागतात, निर्णयाला कारणं लागतात. आणि हात खोलीत राहतात, कारणं मात्र बाहेर जाऊ शकतात.

जगात या बाबतीत काय रीत आहे? कार्यगट हा शब्द ज्यांच्यामुळे या क्षेत्रात रूढ झाला, त्यांत इंटरनेट इंजिनिअरिंग टास्क फोर्स, आय.ई.टी.एफ., ही महत्त्वाची. इंटरनेटचे नियम ती ठरवते. १९८६च्या जानेवारीत तिची पहिली बैठक झाली ती एकवीस माणसांची. तिथे सभासदत्वाची पावती नाही. येईल तो भाग घेतो. तिच्या कार्यगटांनी कसं वागावं याचा एक दस्तऐवज सप्टेंबर १९९८चा आहे, आर.एफ.सी. २४१८. आम्ही तो बारकाईने वाचला. त्यातली चांगली गोष्ट ही की मतदान नाही, स्थूलमानाने सहमती हवी. एक्कावन्न टक्के म्हणजे सहमती नव्हे, असं तो स्पष्ट म्हणतो. दुसरी चांगली गोष्ट: समोरासमोरच्या बैठकीत जमलेली सहमती ईमेलच्या यादीवर पडताळून घ्यायची, म्हणजे न आलेल्यांनाही बोलता येतं. त्यासाठी पुरेसा वेळ द्यायचा; दोन आठवडे साधारण पुरेत.

पण याच दस्तऐवजात एक जागा आम्हाला खटकते. तो म्हणतो, समजा बैठकीत शंभर माणसं होती आणि यादीवर थोड्याच जणांनी विरोध केला, तर सहमती पडताळली गेली असं धरावं. इथे मोजणी मागच्या दाराने परत आली. आमचा विद्यार्थी या हिशोबात एक आकडा होतो, आणि नऊ विरुद्ध एक असा निकाल लागतो. त्याच्या आईचे तांदूळ मोजणीत येत नाहीत.

ही खटकणारी जागा त्यांच्यातल्याही एकाला दिसली असावी. २०१४ साली पीट रेझनिक यांनी आर.एफ.सी. ७२८२ लिहिला. त्या मंडळींत कौल घेताना हात वर करण्याऐवजी गुणगुणण्याची, हुंकार देण्याची प्रथा आहे. आवाज कुठल्या बाजूने मोठा येतो ते अध्यक्ष ऐकतात. रेझनिक म्हणतात की हा हुंकार चर्चेची सुरुवात असावा, शेवट नसावा. डोकी मोजायची नाहीत, आक्षेप तपासायचे. प्रत्येक आक्षेप मान्य करावा असं नाही, पण त्याला उत्तर मिळालेलं असलं पाहिजे. एकाच माणसाचा आक्षेप अनुत्तरित असेल तर शंभर जण खूश असूनही सहमती झालेली नाही. हे वाचताना आम्हाला गौतमाची आठवण झाली, आणि सोसायटीच्या सेक्रेटरींचीही. (हशा)

युनिकोडचंही असंच पाहा. तिच्या तांत्रिक समितीत मत देण्याचा हक्क शुल्क भरणाऱ्या सदस्यांकडे असतो, हे टीकेला पात्र आहे. पण प्रस्ताव कुणीही पाठवू शकतो, आणि प्रस्ताव व इतिवृत्तं सर्वांना वाचायला खुली असतात. म्हणून 'ऱ'चे दोन मार्ग का आहेत, हे आम्हाला वाशीत बसून कळू शकलं. निर्णय आवडला नाही, पण त्याचं कारण हाती लागलं. कारण हाती लागलं की माणूस वाद घालू शकतो. कारणच नसेल तर तो निघून जातो.

आता कुणी म्हणेल, मग सगळं लिहूनच करा, बैठका हव्यात कशाला? हेही आम्हाला पटत नाही. लेखी चर्चा आपोआप न्याय्य होत नाही. पायथॉन या भाषेचे जनक गिडो व्हान रॉसम यांनी जुलै २०१८मध्ये नेतृत्व सोडलं ते एका छोट्या चिन्हाच्या प्रस्तावावर झालेल्या दीर्घ, थकवणाऱ्या लेखी वादानंतर. पुढे त्या मंडळींनी पाच जणांचं निवडलेलं मंडळ नेमलं. लिहिताना समोरच्याचा चेहरा दिसत नाही, आणि चरकाची संधाय संभाषा विगृह्य व्हायला वेळ लागत नाही.

शिवाय लेखी चर्चेची भाषा इंग्रजी. आमचा शेजारी उत्तम कोड लिहितो, पण इंग्रजीत परिच्छेदभर आक्षेप लिहायचा म्हटलं की त्याला घाम फुटतो. मराठीत बोलायला लावलं तर तोच मुलगा अर्धा तास थांबत नाही. आपल्या गावात, आपल्या भाषेत भरलेली बैठक अशा माणसाला तोंड मिळवून देते. तेव्हा ज्यांना वाटतं की यादीवर सगळे सारखे, त्यांनी यादीवर गप्प असलेल्यांची यादीही करून पाहावी.

तर मग निवाडा काय? प्रश्न एकाच्या कोडमधला असेल तर बैठक नको, करून दाखवावं. प्रश्न बांधावरचा असेल, शब्दाचा असेल, किंवा कुणाच्या तरी डोक्यात अडकलेल्या माहितीचा असेल, तर बैठक हवी, आणि शक्य तिथे आपल्या भाषेत हवी. पण बैठकीने ठरवू नये. बैठकीने सुचवावं, कारण लिहावं, आणि जो आला नाही त्याला उत्तर द्यायला वेळ द्यावा. इतिवृत्तात "सर्वानुमते मंजूर" एवढंच लिहिलं असेल तर ते फाडून टाकावं. त्यात कोणता आक्षेप आला आणि त्याला काय उत्तर दिलं, हे हवं. आणि ज्याचं काम बदलायचं आहे तो येऊ शकत नसेल, तर त्याचं भाडं द्यावं किंवा त्याला फोन लावावा. आमच्या त्या नऊ जणांच्या जेवणाच्या खर्चात त्याचं भाडं सहज निघालं असतं.

यावर कुणी म्हणेल, प्राध्यापक महाशय, याने काम सावकाश होईल. होईल. पंधरा दिवस जास्त लागतील. पण त्या एका दुपारी आम्ही जो वेळ वाचवला त्याची किंमत एक माणूस अशी पडली, आणि मराठीत असं काम करणारी माणसं आपल्याकडे पोत्याने भरलेली नाहीत.

शेवटी एक विनंती. या व्याख्यानमालेतली भाषणं उतरवून काढून प्रसिद्ध केली जातात. जे कुणी हे उतरवून काढतील त्यांनी आमची वाक्यं सुधारावीत, पण आमच्या चुका गाळू नयेत. तांत्रिक गोष्टींत आम्ही कुठे तरी घसरलो असू. समोरच्यांपैकी दोघांनी मघाशी भुवया उंचावल्या, ते आम्ही पाहिलं. त्या चुका तशाच छापा, म्हणजे जे आज इथे नाहीत त्यांना उत्तर देता येईल. त्यांत कोकणातले ते एक शिक्षकही असतील. त्यांच्या उत्तराची आम्ही वाट पाहू.